छत्रीसरांची किनवटची अळंबी

छत्रीसरांकडे चहाला गेलं की टेबलावरची पालथी वाटी उचलायची सोय नव्हती. "हां हां मॅडम, हात लावू नका, छाप पडून राहिलाय!" ते आतून ओरडायचे. वाटीखाली जंगली अळंबीची टोपी, टोपीखाली कागद, आणि कागदावर रात्रभरात झडलेल्या बीजाणूंचा रंग. बिचाऱ्या वहिनींना वरणाला वाटी मिळायची मारामार.

लातूरच्या कॉलेजात आम्ही दोघं वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ते सीनियर, मी नवखी. गावाच्या लेखी अळंबी म्हणजे कुत्र्याची छत्री, म्हणून पोरांनी त्यांना छत्रीसर करून टाकलं. कुणी अळंबी आणून नाव विचारलं तर सर कधी पटकन सांगायचे नाहीत. "आधी छाप बघू. नुसतं तोंड बघून सोयरीक करतेत का?"

किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या दिवशी ते किनवटच्या सागाच्या जंगलातून टोपलीभर अळंबी घेऊन आले. जांभळट देठ, वर राखी टोपी. "मॅडम, ही कुठल्याच पुस्तकात न्हाई!" माणूस नुसता नाचायचा बाकी होता. नवी जात म्हणून मांडायची तर छाप हवा आणि सुकवलेला नमुनाही. रात्री छापाला ठेवून सकाळी सुकवायचं ठरलं.

पहाटे धरणी हलली. सर किल्लारीकडच्या आपल्या गावी धावले. भाऊ आणि भावजय ढिगाऱ्याखाली गेले होते, त्यांची दोन लेकरं तेवढी वाचली. त्यांना घेऊन सर परतले तेव्हा वाट्यांखाली नुसतं काळं पाणी उरलं होतं. मी हळहळले, तर मलाच म्हणाले, "अळंबी पुढच्या पावसात येती. माणूस येत न्हाई."

पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं. दोन लेकरांची शिक्षणं काय कॉलेजच्या पगारात होणार? सरांनी मेडिकलच्या बॅचेस धरल्या. आणि दैव बघा, अळंबी उगवायच्या महिन्यांतच नेमक्या बॅचेस भरात यायच्या! टेबलावर वाट्यांच्या जागी टेस्टचे पेपर आले. दरवर्षी "औंदा न्हाई जमत, पुढच्या पावसाळ्यात बघू" ऐकून माझा संताप व्हायचा.

"अहो, चार दिवस सुट्टी मागा की!"

"पालक बोंबलतेत हो. अन् घरची दोघं त्याच बॅचमधी हायत."

दोघंही डॉक्टर झाली. सर रिटायर झाल्यावर मीच हट्टानं त्यांना किनवटला नेलं. गुडघे साथ देत नव्हते, तरी जागा त्यांनी बरोबर काढली. पण जुने साग तुटले होते, सावली गेली होती, गवत माजलं होतं. एका कुजक्या बुंध्याशी बसून सर कितीतरी वेळ बोटांनी पाला सारत राहिले.

"पोरं शिकली, सोनं झालं," ते म्हणाले. "पण एक पावसाळा मागून घ्यायला पायजे होता मॅडम मी."

त्या अळंबीला आजही नाव नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

पुढचा पाऊस सरांनी पाहिला नाही. तेराव्याला डॉक्टर पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला. डोळे पुसत म्हणाला, "मॅडम, काकांना क्लासची लई आवड होती. पावसाळ्यात तर एक बॅच कधी चुकवली न्हाई त्यांनी."

"हो रे बाबा," म्हटलं मी. दुसरं काय सांगणार?