शकुनाची डाळ

बाळापूर रस्त्याला कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग आहे. यंत्रं कधीच विकली गेली, पण टिनाच्या छपराखालच्या लोखंडी कैच्यांना अजून रुई चिकटलेली आहे. सकाळी वारा सुटला की तिचा एखादा पुंजका सुटतो, हेलकावे खात खाली येतो आणि कुठल्या तरी घोड्याच्या पाठीवर बसतो. घोडा कातडी थरथरवतो, पुंजका पुन्हा उडतो. मी कितीतरी सकाळी नुसतं हेच बघत घालवल्या आहेत आणि घरी गेल्यावर ‘इतका वेळ काय करत होतीस’ या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलेलं नाही.

या शेडमध्ये आम्ही काही जण मिळून घोडे ठेवतो. अकोल्यात घराशी घोडा बांधायला जागा आहे कुणाकडे? माझा तांबडा हौसेचा, शेतावर फेरी मारण्यापुरता. त्याच्या शेजारच्या ठाणावर एक पांढरी घोडी असते. ती वरातीची. तिचा मालक झेंडू-शेवंती पिकवून विकणारा, माझ्याच वयाचा गृहस्थ. मी त्याला भाऊ म्हणते, तो मला ताई. तो आला की शेडमध्ये आधी झेंडूचा वास येतो आणि मग तो येतो. घोडी त्या वासालाच मान वळवते.

एकत्र घोडे ठेवायचे म्हणजे एकमेकांच्या चुका रोज डोळ्यांसमोर. कुणी हौदातलं शेवाळ काढत नाही, कुणी घामेजलेल्या घोड्यावर झूल तशीच टाकून निघून जातं. म्हणून आमचा एक रिवाज आहे. दुसऱ्याच्या जनावराबद्दल काही बोलायचं असेल तर त्या जनावराच्या मानेवर हात ठेवून, मालकाच्या तोंडावर बोलायचं. चहाच्या टपरीवर नाही, फोनवर तर नाहीच. हात घोड्यावर असला की माणूस जरा बेतानं बोलतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. माझ्यापुढे ते शास्त्रही कधी कधी हात टेकतं, कारण माझी जीभ तिखट आहे.

मागच्या उन्हाळ्यात लग्नसराई जोरात होती. पांढरी सकाळी एका गावाला, संध्याकाळी दुसऱ्या. एके दिवशी पहाटे तांबड्याला खरारा करताना माझं लक्ष तिच्याकडे गेलं. पुढचे पाय लांब टाकून, सगळा भार मागे घेऊन ती उभी होती. जमिनीवर नीट उभं राहायला तिला जणू भीती वाटत होती. मी वाकून तिच्या खुरांना हात लावला. पुढचे दोन्ही तव्यासारखे गरम होते.

भाऊ आला तेव्हा मी तिच्या मानेवर हात ठेवूनच उभी होते.

“भाऊ, हिचे खूर पाहा.”

“तापले असतीन. ऊन काय कमी हाये?”

“उन्हानं चारही तापले असते. पुढचेच काहून तापले? काय चारता हिले?”

“काय चारणार? चंदीचा दाणा आन् कडबा. रोजचंच.”

“आन् वरातीत?”

“ते शकुनाचं.” लहान पोराला समजावून सांगावं तसं तो म्हणाला. “नवरदेवाची माय ओंजळभर डाळ-गूळ देते, आत्या देते, बहिणी देतात. ते काई खाणं थोडंच हाये? घरी आल्यावर मी चंदी देतोच नं.”

मला आधी हसू आलं आणि मग संताप. ज्या माणसाला रोपाला किती पाणी लागतं हे पानाकडे बघून कळतं, त्यानं घोडीच्या पोटात शकुनासाठी वेगळा कप्पा मानला होता!

“शकुनाचं पोटात जात नाई काय? का दोन पोटं हायेत हिले, एक तुमचं आन् एक वरातीचं?”

त्याचा चेहरा उतरला. “शुभकामाले नाई कसं म्हणू, ताई? आन् तुमी आता मले घोडी सांभाळाले शिकवून राहिल्या काय?”

एवढं बोलून त्यानं दोर सोडला आणि तिला वरातीला नेलं. मी मात्र तिथंच उभी राहिले, रिकाम्या ठाणाकडे बघत. माझा हात अजून हवेतच होता, मान निघून गेली होती.

मग काही दिवस आमचं बोलणं बंद. तो पाठ फिरवून खरारा करायचा, मी पाठ फिरवून हौद धुवायची. घोडे बिचारे मधल्या बांबूवरून एकमेकांची मान खाजवायचे, त्यांचं काही बिनसलं नव्हतं.

मग एक दुपार आली. मी शेडच्या दारात बसले होते. डांबरी रस्त्यावर मृगजळ लवलवत होतं आणि त्यातून ती येताना दिसली. पाय आधी दिसेनात. नुसतीच पांढरी, गळ्यात सुकलेला हार, पाठीवर जरीची झूल, पाण्यावरून तरंगत यावी तशी. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. ती जवळ आली तेव्हा मृगजळ संपलं आणि पाय दिसले. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ती थांबत होती. भाऊ तिच्याबरोबर थांबत होता, अनवाणी. चपला त्यानं हातात घेतल्या होत्या. का, ते मी विचारलं नाही.

“ताई,” तो म्हणाला, “डाक्तरले फोन करा.”

डॉक्टरांनी खूर दाबून पाहिले आणि सरळ सांगितलं. डाळ आणि गूळ अती झाल्यानं खुराच्या आत सूज आली आहे. आता थांबलं नाही तर आतलं हाड खाली सरकेल, मग घोडी उठायची नाही. चंदी बंद, फक्त वाळलं गवत. पाय गार पाण्यात, खाली मऊ भुसा. आणि वरात विसरा.

भाऊ बोटांनी घोडीची आयाळ सारखी करत राहिला. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. ही घोडी घेतली तेव्हा मुलगी शाळेत होती. तिच्या आयाळीत फुलं गुंफत ती मोठी झाली, आणि ‘जावई याच घोडीवरून येईन’ हे बापानं तिला अगणित वेळा सांगितलं होतं.

“एकच वरात,” त्यानं डॉक्टरांना विचारलं. “मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत. इथून तिथं.”

“जनावर तुमचं आहे,” डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

भाऊनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या जिभेवर बरंच काही होतं. मी तिच्या मानेवर हात ठेवला.

“माझा तांबडा न्या,” शेवटी म्हटलं.

“बँड वाजला का तो जावयाले घेऊन थेट बाळापूरच्या किल्ल्यात जाईन,” तो म्हणाला. बऱ्याच दिवसांनी आम्ही हसलो. पण घोडीचं काय करणार, ते त्यानं सांगितलं नाही.

लग्नाच्या सकाळी मी लवकर शेडवर गेले. तो आधीच आला होता. अंगात कोरा सदरा, आणि खांद्यावर जरीची झूल. म्हणजे नेणारच हा तिला. तो घोडीसमोर नुसता उभा होता. वरून रुई पडत होती, त्याच्या टोपीवर, तिच्या पाठीवर. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

तेवढ्यात हळदीनं पिवळी झालेली त्याची मुलगी आत आली, हातात ताट घेऊन. ताटात भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ. तिनं ताट हौदाच्या काठावर ठेवून ओंजळ भरली. घोडीनं मान लांबवली, ओठ हलवले. आणि भाऊनं मध्ये हात घातला.

“देऊ नको, माय.”

“बाबा, हे माह्या लग्नाची हाये.”

“साऱ्यायच्या लग्नाची खाल्ली तिनं. आता तिच्यानं नाई खावत.”

“मंग नवरदेव?”

“चालत येईन. पाय हायेत त्याले.”

मुलीचे डोळे भरले. ओंजळ तशीच धरून ती म्हणाली, “आन् शकुन? हे डाळ काय फेकू?”

“फेकते काहून? आण इकडं.” त्यानं झूल बांबूवर टाकली, तिच्या ओंजळीतली डाळ आपल्या तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली. घोडीसारखीच, हळूहळू चावत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता, कारण दुसरा तिच्या मानेवर होता. मग त्यानं ताट उचलून माझ्यापुढे केलं. मीही मूठभर खाल्ली. मुलीनंही खाल्ली.

ताट रिकामं झालं. घोडीनं त्याचा तळहात हुंगला आणि चाटू लागली. गोड काही उरलं नव्हतं, तरी ती चाटत राहिली, आणि दूर मारुतीच्या देवळाकडे बँड सुरू झाला तरी त्यानं हात मागे घेतला नाही.