मासा नको, मीटर सांगा

मासेमारीचं सामान बाळगणाऱ्या माणसांमध्ये माशांना सगळ्यांत निर्धोक कोण, असं कुणी विचारलं, तर मी बेलाशक माझ्या थोरल्या साडूभाऊंकडे बोट दाखवीन. त्यांच्याकडे नऊ रिळं आहेत, चार काठ्या आहेत, दोरीची एवढी भेंडोळी आहेत की पिंपळे गुरवपासून काळेवाडीपर्यंत पतंगाचा धंदा टाकता येईल. पण गेल्या अकरा वर्षांत त्यांच्यामुळे एकाही माशाचा केस वाकडा झालेला नाही. माशाला केस नसतात, ही दुरुस्ती ते स्वतःच सुचवतील, कारण चुकीचं विधान तपासल्याशिवाय पुढे जाऊ देणं त्यांच्या स्वभावात नाही. देहूच्या अलीकडचं त्यांचं गाव, घराणं माळकरी, आणि आई रोज सकाळी नदीवर जाऊन माशांना कणकेच्या गोळ्या घालणारी. असा माणूस गळ कशाला लावतोय? ते दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधतात आणि तो मोकळ्या मैदानात फेकतात. गोळा किती लांब गेला, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न. कुणी भाबडेपणाने विचारलं, "काका, मासा मिळाला का?" तर म्हणतात, "मासा लागला की अंतर थांबतं."

ह्या वेडाचं मूळ चाकणच्या त्यांच्या कंपनीत आहे. तिथे ते गिअर तपासायच्या खात्यात होते. एकदा परदेशातून एक इंजिनिअर नवीन मशिन बसवायला आला, दोन महिने राहिला आणि जाताना प्रेमाने ह्यांना गळाच्या काठीवर बसवायचं एक बेटकास्टिंग रीळ देऊन गेला. तुमच्या भागात नद्या आहेत, मजा करा, असं काहीसं म्हणाला असावा. साडूभाऊंनी घरी येऊन ते रीळ जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून संपूर्ण खोललं. आत इवलीइवली बेअरिंगं निघाली. त्यांनी दोन बोटांत चाक धरून फुंकर मारली आणि ते किती वेळ फिरतं ते घड्याळात पाहिलं. "मास्तर," मला फोनवर म्हणाले, "काय फिरतंय राव. आपल्या लाइनवर असं एक चाक फिरत न्हाई." पुढच्या महिन्यात त्यांनी तुलनेसाठी दुसरं मागवलं. दोनांवरून निष्कर्ष काढता येत नाही म्हणून तिसरं. मग ते थांबलेच नाहीत.

ह्या रिळाची एक खोड आहे. गोळा हवेत सुटला की दोरीबरोबर रिळाचं चाकही गरगरत सुटतं, आणि त्याला अंगठ्याने हलकेच लगाम घालावा लागतो. अंगठा जास्त दाबला तर गोळा पायाशी पडतो. कमी दाबला तर चाक दोरीच्या पुढे पळतं आणि असा गुंता होतो की त्यापुढे भाऊबंदकीचा सातबारा सोपा वाटावा. साडूभाऊ त्यांच्या घराण्यातले पहिले पदवीधर, आणि माझ्या माहितीतले एकमेव खरे अंगठेबहाद्दर. त्यांचा नियम कंपनीतला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. काठी तीच, दोरी तीच, गोळा तोच, बदलायचं फक्त रीळ. दर रिळाच्या दहा फेकी, आणि प्रत्येक फेकीची नोंद वहीत. पुढे पुढे त्यांना शर्टाचाही संशय येऊ लागला, कारण बाही बदलली की हाताचा वेग बदलतो. तेव्हापासून दर रविवारी ते एकाच निळ्या चौकड्याच्या शर्टात उभे राहत. वारा पाहायला बाजूला रोवलेल्या बांबूला ताईंची जुनी ओढणी बांधलेली असे. ताई म्हणजे त्यांच्या मंडळी, माझ्या बायकोची मोठी बहीण. आणि टेपचं दुसरं टोक धरायला मी. शाळेत चाळीस पोरांना गणित शिकवून आलेला माणूस रविवारी सकाळी काट्याकुट्यांत शिशाचा गोळा शोधत वाकलेला असे, आणि लांबून आवाज येई, "सेंटिमीटर पण सांगा, मास्तर."

मुख्य अडचण जागेची होती. सत्तर मीटर सरळ, मोकळी, निर्मनुष्य जमीन आमच्या भागात मिळणं म्हणजे चाकण चौकात सकाळी रस्ता मोकळा मिळण्यासारखं. त्यांच्या घरामागे एक प्लॉट होता, तिथे दोन वर्षं निर्वेध गेली. मग बारा मजले उभे राहिले. पुढे एका मंगल कार्यालयाचं पार्किंग सापडलं. तिथे लग्नाची तिथी नाही म्हणून निवडलेल्या रविवारी साखरपुडा निघाला आणि पाचव्या नंबरच्या रिळाने मारलेला गोळा मुलाच्या मामांच्या मठ्ठ्यात पडला. मामा तापले. साडूभाऊ त्यांच्याजवळ गेले, मनापासून हात जोडले आणि म्हणाले, "पाव्हणं, चूक झाली. पण दोन मिनिटं असंच उभं ऱ्हावा, मास्तर टेप घेऊन येतायत." त्या दिवशी आम्ही एकसष्ट मीटर मोजून घेतले आणि मग पळालो. शेवटी चाकणच्या पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात सोय लागली. वॉचमन मराठवाड्याचा होता. त्याने पहिल्या दिवशी सगळं नीट पाहिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ह्यांच्या घरी माहीत आहे का?"

घरी माहीत होतं. ताईंना सगळी रिळं नंबराने पाठ होती आणि सगळी सारखीच नकोशी होती. त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हा मुलगा बेअरिंगच्या कारखान्यात आहे, एवढंच साडूभाऊंच्या कानी पडलं. पोहे येईपर्यंत त्यांनी त्याला आत नेऊन सातव्या रिळाचा आवाज ऐकवला होता. मुलगाही असा की त्याने कान लावून सांगितलं, "काका, ग्रीस जास्त झालंय." बाहेर दोन्हीकडची माणसं पाऊण तास एकमेकांकडे पाहून हसत बसली. लग्न जमलं, पण ताईंनी त्याचं श्रेय रिळाला कधीच दिलं नाही. "नऊ सवती आहेत मला," त्या म्हणत. "त्यातली एकही स्वयंपाकाला हात लावत नाही."

निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी, एका सकाळी चहा पिताना साडूभाऊंच्या हातातली बशी सुटली. अर्धांगाचा झटका होता, सौम्य होता, दवाखान्यात वेळेवर नेलं. बोलणं आठवड्यात पूर्ववत झालं, पाय महिन्यात. उजवा हात उचलू लागले, पण अंगठा काही जागा झाला नाही. डॉक्टरांनी रबरी चेंडू दाबायला दिला, तो त्यांनी नातवाला देऊन टाकला. मी भेटायला गेलो की भिंतीकडे पाहत बसलेले असत. मी वारा बरा आहे म्हटलं तर म्हणत, "असू दे." एकदा मला म्हणाले, "मास्तर, रिळं कुणाला तरी देऊन टाका. अंगठ्याला चाक लागत न्हाई. लागलेलं कळतच न्हाई." ह्या माणसाची मी आयुष्यभर टिंगल केली होती, पण त्या दिवशी बरं म्हणालो आणि उठलो.

रिळं न्यायला मी पिशवी घेऊन गेलो, तर ताईंनी ती माझ्या हातातून काढून घेतली. त्यांनी पहिलं रीळ, त्या परदेशी माणसाने दिलेलं, साडूभाऊंच्या मांडीवर ठेवलं, त्यांचा अंगठा धरून चाकावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढली. चाक फिरलं. "लागलं?"
"न्हाई."
त्यांनी पुन्हा ओढली. रोज जेवणाआधी शंभर वेळा, असा त्यांनी दंडक घातला. साडूभाऊंनी दोन दिवस कुरकुर केली, तिसऱ्या दिवशी ओढण्याचा वेग एकसारखा नाही म्हणून ताईंना झापलं, आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसून आल्या. झापलं म्हणजे माणूस परत येतोय, एवढं त्यांना कळत होतं.

दिवाळीनंतर आम्ही तिघं त्या बंद कारखान्यात गेलो. वॉचमनने खुर्ची आणून दिली. साडूभाऊंनी काठी उचलून पाहिली, दोनदा गोळा पायाशी पाडला, एकदा गुंता केला, आणि काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले. मग ताईंनी पदर खोचला आणि काठी घेतली.

"अगं, तुला न्हाई जमायचं."
"सांगा म्हणजे जमेल."

साडूभाऊंनी सांगितलं. कोपर किती वाकवायचं, गोळा कधी सोडायचा, अंगठा कसा फक्त ठेवायचा, दाबायचा नाही. पहिल्या फेकीत गोळा मागच्या मागे गेला आणि वॉचमन खाली बसला. चौथ्या फेकीत तो पुढे गेला. ताईंनी तीस वर्षं शिवणयंत्रावर ब्लाउज शिवलेत. फिरतं चाक तळहाताने कुठे थोपवायचं हे त्यांच्या हाताला आमच्या आधीपासून माहीत होतं. दहावी फेक मी मोजली आणि ओरडून सांगितलं, "अठ्ठेचाळीस मीटर, वीस सेंटिमीटर."

"पुन्हा मोजा," साडूभाऊ म्हणाले.

पुन्हा मोजलं, तेवढंच भरलं. तिसऱ्यांदा ते स्वतः उठून माझ्याबरोबर पाय ओढत आले, टेपवरचा आकडा वाकून पाहिला, ओढणीकडे पाहिलं, वारा नव्हता. मग डाव्या हाताने, लहान मुलासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत, त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि त्यापुढे ताईंचं नाव घातलं. अकरा वर्षांच्या त्या वहीत दुसऱ्या कुणाचं नाव आलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता रविवारी ताई फेकतात आणि साडूभाऊ खुर्चीतून सूचना करतात. अंगठा अजून पुरता जागा झालेला नाही; डॉक्टर म्हणतात, होईल तेवढा होईल. मागच्या रविवारी ताई लांब गवतात गोळा शोधत होत्या, साडी गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली, आणि वॉचमनला काहीतरी सांगून हसत होत्या. साडूभाऊ बराच वेळ तिकडे पाहत होते.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "हिला कधी चल म्हणालो न्हाई मी. न्हाई म्हणेल असं वाटायचं."

तेवढ्यात ताईंना गोळा सापडला. त्यांनी तो हात उंच करून आम्हाला दाखवला, आणि साडूभाऊंनी खुर्चीतून डावा हात वर केला.