टिनावर वाळवलेलं मीठ

"ही मुलगी नापास," परीक्षक साहेब म्हणाले आणि सुलोचनाची वही माझ्यापुढं सरकवली. "वजन निम्म्याहून जास्त घटायला हवं. हिचं एक तृतीयांशाच्या जरासं वर. नीट तापवलंच नाही."

बालाघाटच्या कॉलेजात मी तेव्हा केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. साठचं दशक संपत आलं होतं. बी.एस्सी. फायनलचं प्रॅक्टिकल होतं. साहेब जबलपूरहून आलेले, मराठी गृहस्थ.

प्रयोग तसा सोपा. एप्सम सॉल्ट म्हणजे पोट साफ करायला घेतात ते मीठ. त्याच्या खड्यांत पाणी बांधलेलं असतं. क्रुसिबल नावाच्या चिनी मातीच्या वाटीत मीठ तोलायचं, बर्नरवर तापवायचं, थंड करून पुन्हा तोलायचं. जितकं घटलं तितकं पाणी. वजन हलायचं थांबेपर्यंत हेच करत राहायचं. उत्तर पुस्तकात छापलेलंच असतं: शंभरात एक्कावन्न भाग पाणी.

सुलोचनाचा बाप भरवेलीच्या मॅंगनीज खाणीत कामाला. एकदा मला भेटून गेला होता. "मास्तर, यंदा पास झाली तं पुढं शिकू द्या म्हनते. नाही तं पोराकडले लोक लग्नासाठी थांबून राह्यले." पोरीचं सगळं पुढचं आयुष्य त्या वहीत अडकलं होतं.

"साहेब, मी पाहत होतो. वजन हलायचं थांबेपर्यंत तिनं तापवलं," मी म्हणालो.

"मग बाकीच्यांचं बरोबर कसं? सगळ्यांचं एक्कावन्न!"

"तेच तर! सगळ्यांचं इतकं सारखं कसं?"

साहेबांना ते आवडलं नाही. माझंही डोकं फिरलं. त्याच बरणीतलं मीठ घेऊन मी त्यांच्यासमोर तापवायला ठेवलं. सुलोचना दाराशी पदराचं टोक पिळत उभी. मी थंड करून तोललं, पुन्हा तापवलं, पुन्हा तोललं. घट तिच्याइतकीच आली.

आता बरणीचाच संशय. लॅबचे अटेंडंट लिखीरामजी, त्यांना हाक मारली. "या बरणीले काही केलं का जी?"

"काही नाही, सर. पावसाळ्यात पानी सुटलं होतं त्याले, गोळे झालते. दिवाळीच्या आधी वर छपराच्या टिनावर पसरवलं. धान वाळवतो तसं. मस्त सुकलं! मंग बुचाले मेण लावून ठेवलं."

आमच्याकडे ओल धरली की गादी असो, मिरची असो, छपरावर जाते. पण दिवाळीआधीच्या उन्हात टिन असं तापतं की वरची ओल तर जातेच, खड्यात बांधलेलं पाणीही बरंच उडून जातं. लिखीरामजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सुलोचनाचं उत्तर त्या बरणीचं खरं उत्तर होतं. बाकीच्यांनी एक्कावन्न गृहीत धरून, उलटं गणित करून वजनं लिहिली होती.

साहेबांनी चष्मा काढला. "हिला बरोबर म्हणायचं तर अख्खा वर्ग नापास करावा लागेल."

"करा की मग!"

"तुम्ही तरुण आहात," ते म्हणाले.

सुलोचनाला काठावर पास केलं. बाकीच्यांचे मार्क जसेच्या तसे राहिले. मी भांडलो, आवाज चढवला, पण सही त्यांची होती. त्या दिवशीसारखी लाज मला नोकरीत कधी वाटली नाही.

बाहेर व्हरांड्यात सुलोचना थांबली होती. "सर, माह्यं बरोबर होतं ना?"

"हौ. तुझंच बरोबर होतं."

"मंग पुढच्या बारीले काय लिहू? जे निघते ते, का पुस्तकातलं?"

"जे निघते तेच लिही, पोरी." तिनं मान हलवली. तिला ते पटलं, असं मला वाटलं नाही.

निकालानंतर तिचा बाप सायकलवरून आला, हात जोडून गेला. लग्नाची बोलणी थांबली होती. मला मात्र त्याच्याकडे पाहवेना.

पुढल्या वर्षी परीक्षेआधी उन्हं तापली तसा मी स्वतःच शिडी लावून वर चढलो. लिखीरामजींनी खालून बरणी दिली. मीठ टिनावर पसरलं, वाळवलं, आणि आता त्यात पाणी किती उरलं ते तापवून पाहून ठेवलं. पोरांना सांगितलं नाही. एक्कावन्न लिहिणारे पहिल्या फटक्यात सापडले.

रिटायर होईपर्यंत दर वर्षी वाळवत राहिलो. पोरं खडूस म्हणायची. म्हणोत. पण परीक्षा संपली की दर खेपेला एखाददुसरी वही अशी निघायची, जिच्यात पुस्तकातलं उत्तर नसायचं. ती मी त्या वर्षीच्या परीक्षकांपुढं सगळ्यात आधी ठेवायचो.