श्रावणकाकांची नांदी

माझा धाकटा दीर टेकचंद कंप्युटर इंजिनिअर. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, काम मोहाडीच्या घरून. स्वभावानं इतका मऊ की अंगणात मुंग्यांची रांग दिसली तर वळसा घालून जाईल.

आमच्या मूळ गावच्या, आसगावच्या नाटक मंडळातली निम्मी माणसं कामाधंद्यासाठी पुणे, सुरत, हैदराबादला पांगली. तेव्हा त्यानं अशी यंत्रणा उभी केली की चाळीस जण चाळीस ठिकाणांहून एकत्र गातील आणि हजार लोक घरबसल्या बघतील. पेटीचा सूर आधी सगळ्यांना जायचा. ज्यानं त्यानं आपापल्या घरी गायचं. सगळ्यात मागचा आवाज पोचेपर्यंत यंत्र थांबायचं, मग सगळे जुळवून ऐकवायचं.

"वहिनी, यात कोणी मांगं राहत नाही," तो म्हणायचा.

सगळ्यात मागे असायचे श्रावणकाका. तीस वर्षं नांदी त्यांचीच. आता लेकीकडे नाकाडोंगरीला, जंगलाच्या कडेला. तिथलं नेट रडकं. त्यांच्यापायी अख्खं नाटक अडायचं.

एका तालमीनंतर मंडळाचे अध्यक्ष हिरालालभाऊ घरी आले.

"एका बुढ्यासाठी हजार लोकायले काहून बसवून ठेवून राहिला बे? काढ त्याले."

"नांदीशिवाय काका जगतीन का, भाऊ?"

"मंग पडद्यावर तोंड ठेव त्याचं. आवाज गोलूचा लाव."

मला वाटलं, टेकचंद भांडेल. त्यानं चहा संपवला आणि मंडळातल्या तरुण गोलूला बोलावून नांदी भरून घेतली.

रविवारी सकाळी प्रयोग झाला. पडद्यावर काकांचा फेटा, मिटलेले डोळे, हलणारे ओठ. आवाज पंचविशीतल्या गोलूचा. काकांच्या कानात फक्त पेटी. लोकांनी टाळ्यांच्या चित्रांनी पडदा भरून टाकला.

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. टेकचंदनं स्पीकरवर घेतला.

"नातीनं मोबाइलवर दाखवलं रे. मस्त झालं. पण दुसऱ्या कडव्यात मी खोकललो होतो ना? दोनदा. खोकला कुठी गेला?"

"मशीन काढते काका, आपोआप."

"अच्छा. आन सूर? माहा आवाज तिथवर आता जात नाही, बाबू."

"त्या दिवशी गेला काका."

"खरं सांगून राहिला ना?"

"तुमची शपथ."

फोन ठेवल्यावर मी त्याच्याकडे बघत राहिले. त्यानं मान वर न करता गोलूला फोन लावला.

"पुढच्या प्रयोगासाठी नवीन भरू. सूर जरा खाली घे. आन दुसऱ्या कडव्यात खोकल. दोनदा."