संगीत मास्तर आणि आमच्या हिची गाणी

मंडळी, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. मी शिकवतो त्या शाळेतल्या संगीत मास्तरांना माझ्याच घरी दोनदा आल्याचा चहा मिळाला, मला एकदाही नाही.

युरोपातल्या एका थोर संगीतकाराने खेड्यातली गाणी ऐकून आपलं संगीत रचलं, असं मास्तरांनी रेडिओवर ऐकलं. तेव्हापासून ते वही घेऊन घरोघरी बसतात. आज दुपारी आमची ही त्यांना कापूस वेचताना म्हणायची गाणी ऐकवत होती. मी दारातच जळत उभा राहिलो.

“वहिनी, आमच्या गुरुजींना ऐकवता की नाही?” मास्तरांनी माझ्याबद्दल विचारलं.

“नाही जी. हे घरी आले का मी गाणं बंद करतो.”

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिच्या गाण्याला गावंढळ म्हणून हसलो होतो. त्यानंतर बावीस वर्षांनी आज तिचं गाणं ऐकलं. माझ्यासाठी गा, असं म्हणायला धीर होत नाही. ती नाही म्हणाली तर?