सरळ केलेल्या दोन वायरी

बाबांना जाऊन दीड महिना झाला तेव्हा मामाने गाडीचा विषय काढला.

"नीट चालली तर ठेवू. न्हाई तर वारंगा फाट्यावर एक जण जुन्या गाड्या तोडायला घेतो, त्याला देऊन टाकू. उभी राहून सडून जाईल नुसती."

 आई तेव्हा कशावरच बोलत नसे. मीही नाही, पण माझ्या न बोलण्याचं कोणाला विशेष वाटत नसे. नांदेडला इंग्रजी शाळेत, होस्टेलवर राहिलेली पोरगी; सेनगावला आली की खोलीत बसून असते, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. माझी बारावीची परीक्षा संपली आणि चौथ्या दिवशी बाबा गेले. तेव्हापासून मी जेवत होते, झोपत होते, येणाऱ्यांना पाणी देत होते.

बाबा गुरांचे डॉक्टर. साखऱ्याकडच्या गावांत जायला त्यांनी ती पांढरी गाडी घेतली होती. त्यांच्याआधी दोघांनी वापरलेली. ते गेले त्या दिवशी ती दारासमोर लिंबाखाली उभी होती. मागच्या सीटवर त्यांची बॅग होती. त्यांचे पाय लांब, म्हणून पुढची सीट पार मागे सरकवलेली. आईने सगळ्यांना एकच सांगितलं होतं, "गाडीला हात लावू नका. ते ठेवून गेले तशी राहू द्या."

शनिवारी मामाने धक्का देऊन ती सुरू केली, तर ती नुसती थरथरली. म्हणून रविवारी सकाळी मिस्त्री चार्ज केलेली बॅटरी घेऊन आले. बाबांची गाडी वर्षानुवर्षं तेच बघत. मामा सीटच्या टोकावर बसला, सीट पुढे घेतली नाही, कारण आई दारातून बघत होती. किल्ली फिरवली. इंजिन लंगडत चालायला लागलं. मागून कच्च्या पेट्रोलचा वास आला.

"मिसिंग करून राहिली," मिस्त्री म्हणाले. "चारातलं एखादं सिलिंडर काम करत न्हाई."

कोणतं, ते त्यांनी शोधायला घेतलं. इंजिन चालू ठेवून ते प्लगवरची एकेक वायर काढत आणि ऐकत. पहिली काढली तेव्हा इंजिन बंदच पडायला आलं. "हे चालतंय." दुसरी काढली, काही फरक नाही. तिसरी, काही नाही. चौथीला पुन्हा इंजिन बसलं.

"दोन अन् तीन मेलेत," ते म्हणाले आणि लगेच दाराकडे बघून जीभ चावली. आई हलली नाही.

"म्हंजे काय?" मामाने विचारलं.

"शेजारशेजारचे दोन गेले म्हणल्यावर मधलं गॅस्केट फाटलं असंल. इंजिन खोलावं लागंल."

"मग राहू द्या. फाट्यावाल्यालाच फोन करतो."

"थांबा हो मामा! खोलायच्या आधी बघू तर द्या. कुणाच्या वरातीत जायचंय का तुमाला?"

त्यांनी मधले दोन्ही प्लग काढले. दोन्ही पेट्रोलने ओले. एका भोकावर अंगठा दाबून धरला आणि मामाला किल्ली फिरवायला लावली. हवेने अंगठा उडवला. दुसऱ्यावर धरला, तसंच. मग वायरीला प्लग लावून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवला. निळी ठिणगी पडली.

"दम हाय, पेट्रोल हाय, ठिणगी हाय. अन् चालत न्हाई. काहून?" ते गाडीलाच विचारत होते. मग मान वर करून म्हणाले, "कुणी हात लावला का हिला?"

"नाही," आई म्हणाली. "कोणीसुद्धा नाही."

कितीतरी दिवसांत तिने इतकं ठाम काही म्हटलं नव्हतं.

मी लिंबाच्या बुंध्यापाशी उभी होते. मला चारही वायरी दिसत होत्या, स्वच्छ आणि एकीच्या शेजारी एक, सरळ.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. बसायला जागा नव्हती, म्हणून मी गाडीकडे गेले. दर रविवारी बाबा बॉनेट उघडून वायरी पुसत आणि मी शेजारी उभी राहत असे. त्या दिवशीही रविवार होता. फडकं सापडेना. आत खुंटीवर बाबांनी काढून ठेवलेलं बनियन होतं, ते घेतलं. वायरी काढल्या, पुसल्या. मधल्या दोन एकमेकींवरून जात होत्या. मला वाटलं, गुंता झाला आहे. लावताना मी तो सोडवला. बरं दिसलं. बनियन काळं झालं होतं. ते डिकीत, स्टेपनीखाली सारलं.

दुसऱ्या दिवशी आईने विचारलं, "खुंटीवरचं बनियन कोणी घेतलं?"

"धुण्यात गेलं असंल वहिनी," आत्या म्हणाली.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी भात कालवत होते. "माहीत नाही," म्हणाले. मग आई अंगणात गेली आणि दोरीवरचा प्रत्येक ओला कपडा उचलून बघायला लागली. मी खिडकीतून बघत होते. मला काही वाटत नव्हतं. किती कपडे होते, ते मात्र आठवतं. सतरा.

आता वायरींचं सांगायचं तर बनियनचंही सांगावं लागणार होतं.

मामा हात झटकत घरात गेला. फोनची डायल फिरल्याचा आवाज आला.

"मधल्या दोन वायरी एकमेकींवरून जात होत्या," मी म्हणाले. वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसा आवाज निघाला.

"काय म्हणली बाळ?"

"आधी. मी पुसल्या आणि सरळ केल्या."

मिस्त्री वाकून वायरी बघायला लागले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं माय! दोनाची तीनाला अन् तीनाची दोनाला! ठिणगी पडून राहिली, पण भलत्या वेळेला. इतक्या सरळ वायरी पाहून मलाच शक याया पायजे होता." त्यांनी प्लग बसवले, वायरींची अदलाबदल केली आणि स्वतःच हात घालून किल्ली फिरवली.

इंजिन एकसारखं चालायला लागलं. बाबा सकाळी निघायचे तेव्हा अंथरुणात ऐकू यायचा, तोच आवाज.

मामा हातात रिसीव्हर तसाच धरून खिडकीशी आला. "झाली?"

इंजिन चालूच होतं. त्याने रिसीव्हर खाली ठेवला.

आई पायरी उतरून खाली आली. ती इंजिनकडे बघत नव्हती.

"कशाने पुसलंस?" तिने विचारलं.

मी डिकी उघडली. स्टेपनी जड होती, दोन्ही हातांनी उचलावी लागली. बनियन वाळून कडक झालं होतं. वास फक्त ग्रीसचा येत होता. मी ते आईपुढे धरलं.

"धुऊ का?"

"नको."

तिने ते घेतलं, झटकलं, बाह्या सरळ केल्या आणि आत गेली. मला उघड्या दारातून खुंटी दिसत होती. तिने बनियन तिथे अडकवलं, थोडा वेळ बघितलं आणि चहा ठेवायला गेली.

"बंद करू का गाडी?" मिस्त्रींनी विचारलं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही म्हणून.