भुरीची नखं

नव्या कापडावरून नखं ओढल्याचा चर्र आवाज आला आणि मी पुढच्या खोलीत डोकावले. श्रावणातली दमट दुपार होती. आमची मांजर, भुरी, मागचे पाय ताणून, पाठीची कमान करून सोफ्याच्या हातावर पंजे घासत होती. डोळे मिटलेले, मान किंचित कलती. घराचं नुकसान होत असताना हिला मांजरीचं लावण्य कसलं दिसतं, असं तुम्ही म्हणाल. दिसलं खरं. देहातला स्नायू न् स्नायू जागा करून जगाला सामोरं जाण्याची ती तन्मयता माणसाच्या वाट्याला कितीदा येते?

सेनगावच्या आमच्या घरात भुरी जुनी आणि सोफा नवा. सोयाबीनची पोती घरात लागली की उंदरांचा बंदोबस्त हीच नखं करतात. गल्लीतली कुत्री मागे लागली की हीच तिला कडुलिंबाच्या शेंड्यावर पोचवतात. पण सोफ्याचं कापड उसवलं आणि ती एकाएकी गुन्हेगार ठरली. आमच्या ह्यांनी मोबाईलवर कुठलासा परदेशी व्हिडिओ पाहिला आणि जाहीर केलं, की मांजराची नखं कायमची काढून टाकता येतात. कायमची! दुसऱ्याच्या देहाबद्दल बोलताना हा शब्द आपल्या तोंडी किती सहज येतो.

त्या कामासाठी त्यांनी शेजारच्या साखरा गावाहून धाकट्या भावाला बोलावून घेतलं. पोळा जवळ आला की गावातले बैल शिंगं साळायला माझ्या या दिराकडेच येतात. शिंगावरचा खरबरीत थर तो इतक्या अलगद तासतो, की बैल जागचा हलत नाही. जनावरावर जीव असलेला माणूस. म्हणून तर त्याचं बोलणं मला अधिक लागलं.

“वहिनी, तुमी काहून भिऊन राहिल्या?” तो म्हणाला. “शिंगं साळतो तसंच हाये हे. बैलाला काही तकलीफ होती का? न्हाई ना?”

मी आदल्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना विचारून आले होते. भुरीला मांडीवर घेऊन तिचा पंजा हलकेच दाबला, तसं नख बाहेर आलं. त्याच्या मुळाशी दिराचं बोट टेकवलं. “भाऊजी, हे हाड लागतंय ना? नख ह्यातूनच उगवतं. कायमचं घालवायचं तर बोटाचं हे पेरच कापावं लागतं. आता तुमच्या सगळ्या बोटांचं शेवटचं पेर गेलं, असं समजा.”

मग बाईंनी सांगितलेलं सगळं ऐकवलं. जखम चिघळते, चाल बिघडते, दुखणं आयुष्यभर राहू शकतं. दुखऱ्या पंजानं माती उकरवत नाही, म्हणून मांजर घरात घाण करू लागते. आणि नखं गेली की दातांवर येते. ज्या घरासाठी हे करायचं, त्या घराला तरी यात सुख कुठलं? आपल्या सोयीसाठी एका जिवाला अधू करायचं आणि त्याला शिस्त म्हणायचं, याची मला चीड आली, अजूनही येते.

ह्यांना मी तिथंच सांगितलं, “नखांची टोकं मी कापत जाईन, घासायला खांबाला पोत्याचा बारदाना बांधीन. पण तिच्या पेराला कुणी हात लावला, तर हा सोफा अंगणात जाईल.”

दीर आपल्याच बोटाचं टोक दाबत बसला होता. तो म्हणाला, “दादा, शिंगाच्या आतलं जितं असतंय, तिथं मी कधी हत्यार लागू देत न्हाई. हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.” आणि चहासुद्धा न घेता तो जीप गाठायला निघून गेला.

खांबाला बारदाना बांधला आहे. भुरी कधी तिथं नखं घासते, कधी सोफ्यावर. आल्यागेल्याची नजर त्या फाटलेल्या हातावर जाते, आणि चादर टाकून झाक म्हणून हे मला डोळ्यांनी खुणावतात. मी झाकत नाही. पाहुण्यांना सांगते, आमच्या घरात मांजर आहे, आणि ती अख्खी आहे.